राज्याची तारीख, श्रमाचे देणे

मुंबई पुनर्रचना कायदा १९६० सालचा. त्याच्या व्याख्यांच्या कलमात ‘नियत दिवस’ म्हणजे १ मे १९६०, एवढेच लिहिले आहे. हाच दिवस का, ते कायदा सांगत नाही. त्या दिवशी एका द्वैभाषिक राज्याची दोन राज्ये झाली, महाराष्ट्र आणि गुजरात. तेव्हापासून आपल्याकडच्या दिनदर्शिकांमध्ये या तारखेखाली दोन नावे शेजारीशेजारी छापली जातात: महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या लेखी तिसरेही एक नाव आहे, निकालाचा दिवस. सकाळी झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तक, मग उन्हाळ्याची मोकळीक. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी १ मे असाच ओळखला.

दोन वेगळ्या गोष्टी एका तारखेला आल्या आणि सुट्टी मात्र एकच पदरात पडली, असे बहुतेकांना वाटते. मला हे पटत नाही. महाराष्ट्राचे राज्य ज्या दाव्यावर उभे राहिले, तो दावाच मुळात श्रमाचा होता. मुंबई कोणाची, या प्रश्नाला मराठी माणसाने दिलेले उत्तर मालकीचे नव्हते, राबण्याचे होते. म्हणून १ मे ही या राज्याच्या बाबतीत उत्सवाची तारीख आहे त्याआधी देण्याची तारीख आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत राज्याने तारीख जपली आणि देणे विसरले. हे विसरणे आपोआप झालेले नाही. त्याला निर्णय आहेत, कायदे आहेत आणि आपणा सगळ्यांची मूक संमतीही आहे.

तारीख कामगारांकडे आली कशी, ते आधी पाहू. अमेरिकेत १ मे हा जुने करार संपण्याचा आणि नवे होण्याचा दिवस होता. न्यूयॉर्कमध्ये घरभाड्याचे करार त्याच दिवशी संपत आणि शहरभर बिऱ्हाडे हलत. तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्ये ठराव केला की, १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा मानला जाईल. सरकारला विनंती केलेली नव्हती, मालकांना तारीख कळवली होती. ठरल्या दिवशी तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम थांबवले. ३ मे रोजी शिकागोच्या मॅककॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकातल्या निषेधसभेत बॉम्ब फुटला, पोलीस आणि कामगार दोन्ही बाजूंची माणसे गेली. बॉम्ब कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जणांना दोषी ठरवले गेले. त्यांपैकी पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. एकाने तुरुंगात स्वतःचा जीव घेतला. उरलेल्या तिघांना इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये माफी दिली, आणि खटला न्यायाने चाललाच नव्हता असे जाहीरपणे सांगितले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रक्त सांडले ते ३ आणि ४ मे रोजी, फाशी झाली नोव्हेंबरात. तरी १८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवादी प्रतिनिधींनी जगभरच्या निदर्शनांसाठी १ मे हाच दिवस धरला, कारण अमेरिकेतल्या संघटनांनी १८९० सालासाठी तोच आधी ठरवलेला होता. म्हणजे कामगारांनी मृत्यूची तारीख पाळली नाही, मागणीची पाळली. राज्ये आणि राष्ट्रे बहुधा याच्या उलट करतात. त्यांच्या तारखा प्राप्तीच्या असतात: स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना अमलात आली, राज्य स्थापन झाले. प्राप्तीची तारीख सांगते की काम झाले. मागणीची तारीख सांगते की काम उरले आहे. महाराष्ट्रात हे दोन्ही सूर एका दिवसावर आले, आणि त्यातल्या एकाचा आवाज हळूहळू इतका चढला की दुसरा ऐकूच येईनासा झाला.

शिकागोत हे चालले असताना मुंबईही गप्प नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्येच गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्या काळच्या गिरणीतला दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. आठवड्याला एक सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. सूर्यास्त ही त्या मागणीतली वरची मर्यादा होती, यावरून प्रत्यक्षात काम कुठवर चालत असेल ते समजावे. एप्रिल १८९० मध्ये, म्हणजे जगातला पहिला आंतरराष्ट्रीय मे दिन अवघ्या काही दिवसांवर असताना, लोखंड्यांनी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पॅरिसचा ठराव लोखंड्यांपर्यंत पोचला असण्याची गरज नव्हती. तीच मागणी इथे फुल्यांच्या विचारातून उगवली होती. मे दिन ही बाहेरून आणलेली गोष्ट, असे म्हणणाऱ्यांनी हे साल नीट पाहावे.

आठ तासांची वाट मात्र लांब निघाली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार आठ तासांचा झाला, पण त्यात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी अपवाद ठेवला गेला: इथे आठवड्याला साठ तास चालतील. १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलु चेट्टियार यांनी भारतातला पहिला मे दिन पाळला. पुढे १९३४ च्या कायद्याने साठाचे चोपन्न तास झाले. १९४६ मध्ये ते अठ्ठेचाळीसवर आले, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. शिकागोची मागणी मुंबईच्या गिरणीत कायदा म्हणून पोचायला साठ वर्षे लागली.

बाबासाहेबांचे नाव इथे केवळ श्रेयासाठी घ्यायचे नाही. लाल झेंड्याखालीही सगळे कामगार सारखे नव्हते, हे त्यांनी निक्षून सांगितले होते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणाई खात्यात पगार बरा असे, पण ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ‘त्यांच्या’ तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप, गिरणी कामगार युनियनचा जन्म, दीड लाख माणसांची ती जिद्द हे सगळे खरे. आणि त्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी नेत्यांना विचारलेला प्रश्नही तितकाच खरा: तुमच्या मागण्यांच्या यादीत हा बंद दरवाजा का नाही? दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. तेव्हा त्या एकत्र येण्यामागे हा प्रश्न विचारला गेल्याची किंमत होती. कामगार दिन पाळणाऱ्यांनी स्वतःच्या इतिहासाचा हा भाग झाकू नये. ज्या दिवसाला सगळ्यांचा म्हणायचे, त्यात कोण वगळले गेले हे आधी पाहिले पाहिजे.

आता महाराष्ट्र. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरकसपणे पुढे आली. खरा पेच मुंबईवर होता. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांच्या नेतृत्वाखालच्या नागरिक समितीचे म्हणणे असे की, मुंबई व्यापारउदिमाने उभी राहिली, तिथे अनेक भाषांचे लोक राहतात, मराठी बोलणारे निम्म्याहून कमी आहेत, म्हणून ती कोणत्याच भाषिक राज्यात नको. यातली आकडेवारी खोटी नव्हती. गिरण्या, पेढ्या, गोद्या यांचे मालक बहुतांशी मराठी नव्हते, हेही खरे होते. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेसाठीच्या दार आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात मुंबई महाराष्ट्राचीच असा युक्तिवाद सविस्तर मांडला. पण रस्त्यावर या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते आणखी साधे होते. भांडवल तुमचे असेल, पण शहर चालते ते आमच्या हातांवर. साताऱ्या-रत्नागिरीहून आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा, खाणावळीत जेवणारा, गावी मनिऑर्डर पाठवणारा माणूस हा मुंबईवरच्या महाराष्ट्राच्या हक्काचा पुरावा होता. दुसरा कोणताही दस्तऐवज मराठी माणसाकडे नव्हता.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत संप झाला. कामगारांचे मोर्चे विधिमंडळाच्या दिशेने निघाले आणि फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. त्या दिवशी पंधरा माणसे गेली. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होईल असे जाहीर केले, आणि पुढचा आठवडा गिरणगावाने आणि गिरगावाने रक्तात काढला. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात एस. एम. जोशी होते, डांगे होते, आचार्य अत्रे, प्रबोधनकार, सेनापती बापट होते. आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांची शाहिरी होती. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या या माणसाने ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली, ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची आणि महाराष्ट्रापासून तुटू पाहणाऱ्या मुंबईची एकाच वेळी होती. कामगाराचे दुःख आणि राज्याचे दुःख एका गाण्यात असे मिसळले, कारण ते प्रत्यक्षातही मिसळलेले होते.

यावर आक्षेप येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एकट्या कामगारांची नव्हती. पुण्याचा मध्यमवर्ग होता, शिक्षक, वकील, संपादक होते. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. शेतकरी कामगार पक्षाने खेडी उभी केली. आणि शेवटी राज्य मिळाले ते मतपेटीने आणि वाटाघाटींनी. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आणि मुंबईने काँग्रेसला दिलेला धक्का, त्याच वर्षी प्रतापगडावर नेहरूंपुढे झालेली प्रचंड निदर्शने, आणि मग यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीला पटवून दिलेली गोष्ट. हे सारे मान्य. पण दिल्लीला पटवण्यासारखी परिस्थिती कोणी निर्माण केली? अग्रलेखांनी मत घडवले, मुंबई बंद पाडली ती भोंगा वाजूनही खात्यात न गेलेल्या माणसांनी. आपण १०५, १०६, १०७ अशी हुतात्म्यांची संख्या सांगतो. ती नावे वाचली की त्यांमागची घरे दिसतात, चाळी, झोपड्या, एका पगारावर चालणारे संसार. हुतात्मा चौकातले शिल्प घडवणाऱ्यांना हे माहीत होते. म्हणून तिथे एकच वीरपुरुष नाही. हाती मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार आहेत.

त्या शिल्पाशेजारी १८६४ सालचे कारंजे आहे, त्यावर फ्लोरा ही रोमन देवी उभी आहे, फुलांची आणि वसंताची. प्राचीन रोममध्ये तिचा उत्सव एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या आरंभापर्यंत चाले, १ मे त्याच्या मधोमध येई. युरोपातल्या वसंताच्या सणांची परंपरा पुढे या तारखेभोवती शतकानुशतके टिकली. मुंबईच्या एका चौकात या तारखेचे इतके थर एकत्र आले, हे पाहून मन हरखते. पण या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. तारखेत स्वतःचा असा गुण नसतो. माणसे तिच्यावर काय ठेवतात आणि काय उचलून नेतात, यावर तिचा अर्थ ठरतो.

उचलून नेण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ज्या अमेरिकेत ही तारीख जन्मली, तिथे १८९४ मध्ये कामगारांची सुट्टी सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी ठेवली गेली. १९५८ मध्ये तर तिथल्या संसदेने १ मे हा निष्ठादिन ठरवला. याहून भयंकर ते जर्मनीत झाले. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये १ मे ही राष्ट्रीय श्रमाची पगारी सुट्टी जाहीर झाली. कामगार संघटना वर्षानुवर्षे मागत होत्या ती सुट्टी एका फटक्यात मिळाली, बर्लिनमध्ये लाखोंचे संचलन झाले. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, संघटनांच्या कचेऱ्यांवर छापे पडले, निधी जप्त झाला, पुढारी तुरुंगात गेले. सोव्हिएत रशियात या दिवशी लाल चौकात रणगाडे फिरले, आणि स्वतंत्र संघटना करण्याची मोकळीक कामगाराला तिथेही नव्हती.

महाराष्ट्राची तुलना मी हिटलरच्या जर्मनीशी करत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. इथे तारीख कोणी हिसकावली नाही. पण राज्य एखाद्या दिवसाचे यजमान झाले, की त्या दिवशी राज्याला प्रश्न विचारणे अवघड होत जाते, एवढे या उदाहरणांतून घ्यावे. शिवाजी पार्कवर राज्यपालांच्या हस्ते ध्वजारोहण होते, संचलन होते, हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहिले जाते. मराठी राजभाषा दिनही याच तारखेचा. १९६२ मध्ये जिल्हा परिषदांचा कायदा १ मेपासूनच अमलात आला. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ चे, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ चे. राज्याने आपल्या नव्या कामांचे मुहूर्त या तारखेवर रचत नेले. त्यात गैर काही नाही. पण या रचनेत कामगार दिन तळाशी गेला.

तळाशी जाण्याचे खरे वर्ष १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कसा लढवला, मागे कधी घ्यायला हवा होता, यावर वाद होऊ शकतो. मलाही वाटते की नेतृत्वाने हट्टापायी कामगारांना फार मोठी किंमत मोजायला लावली. पण संपानंतर जे झाले त्याचा दोष कामगारांवर येत नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि त्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने या जमिनीचा ढोबळ हिशेब मांडला होता: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. बांधकाम नसलेली मोकळी जमीन तेवढीच वाटणीला धरायची, असे ठरले. सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. ज्यांच्या राबण्याच्या आधारावर मुंबई महाराष्ट्राला मिळाली, त्यांच्या वारसांना त्याच जमिनीवर घर मिळण्यासाठी सोडतीच्या यादीत नाव शोधावे लागले. हे कोणा परक्या सरकारने केले नाही. १ मे रोजी जन्मलेल्या राज्याने केले.

ही तारीख सगळ्या मराठी मुलखाला सारखी नाही, हेही सांगायला हवे. विदर्भवादी कार्यकर्ते नागपुरात १ मे हा काळा दिवस पाळतात. १९५३ च्या नागपूर करारातली आश्वासने पाळली गेली नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे नुसते भावनेचे नाही. कर्नाटकात राहिलेल्या बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या मराठी माणसांसाठी १ मे ही अपुरी राहिलेली गोष्ट आहे. त्यांच्या आठवणीत १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस अधिक खोल आहेत, आणि त्याच १ नोव्हेंबरला शेजारचा कन्नडिग राज्योत्सव करतो. संयुक्त महाराष्ट्र म्हणताना आपण एका राज्याचे नाव घेतो, पण त्याच्या तारखेशी प्रत्येक भागाचा हिशेब निराळा आहे.

हा हिशेब सर्वांत कठोरपणे समोर आला तो २०२० साली. राज्याला साठ वर्षे पूर्ण झाली त्या १ मे रोजी टाळेबंदी होती. त्याच दिवशी देशातली पहिली श्रमिक विशेष गाडी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाला निघाली. गाडीला श्रमिकांचे नाव मिळाले, तोवर लाखो श्रमिक पायी निघालेले होते. आठवड्याभरात, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होते, आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रात्रभर चालत होते. जालना, १ मे रोजी जिल्हा झालेले.

त्या सोळा जणांना आपण परप्रांतीय म्हणालो. इथे माझ्या म्हणण्याचा सर्वांत अवघड भाग येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुंबईवरचा आपला हक्क श्रमाचा होता, असे आपण १९५५ मध्ये म्हणालो असू, तर तेच माप आज दुसऱ्याच्या श्रमाला नाकारता येत नाही. कोकणातून आलेला गिरणी कामगारही मुंबईला बाहेरचाच होता. गिरणगाव केव्हाच एकट्या मराठी माणसाचे नव्हते. मदनपुऱ्यातले उत्तर भारतीय मुसलमान विणकर होते, तेलुगू पद्मशाली होते. मराठी भाषेचा आग्रह धरावा, तो मीही धरतो. राज्याचा कारभार, शाळा, न्यायालये मराठीत चालावीत, यासाठी भांडावे. पण भाषेचा आग्रह हा श्रम करणाऱ्याला हुसकण्याचा परवाना होत नाही. ज्या दिवशी महाराष्ट्र दिन कामगार दिनापासून तुटतो, त्या दिवशी महाराष्ट्राचा मुंबईवरचा दावा उरतो तो निव्वळ संख्येचा. आणि संख्येच्या दाव्याने मुंबई आपल्याला मिळालेली नव्हती.

कायद्याच्या पुस्तकातही चाके उलटी फिरत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा तीच आहे, जादा कामाचा मोबदला मिळेल, कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय असते, हे कारखान्याच्या फाटकाशी सकाळी उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले, त्यात १९४८ चा कारखाना कायदाही आला. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला त्याच दिवशी सत्तर वर्षे पूर्ण होत होती. दिल्लीत कोणी ही तारीख हुतात्म्यांना आठवून निवडली असेल असे मला वाटत नाही. महाराष्ट्रात मात्र ती वाचताना आपण थबकायला हवे होते. त्या संहितांमध्ये काही चांगल्या तरतुदीही आहेत, फिरत्या पोचवणीचे काम करणाऱ्यांची कायद्यात प्रथमच दखल घेतली गेली आहे. पण आठ तासांची मागणी ज्या दिवसाच्या नावावर आहे, तो दिवस आपल्या स्थापनेचा म्हणून साजरा करणाऱ्या राज्याने बारा तासांकडे वळावे, याचे स्पष्टीकरण त्याच व्यासपीठावरून द्यायला हवे.

कामगार चळवळीनेही आपल्या वाट्याचे उत्तर द्यावे. संघटित कारखान्यांतला कायम कामगार कमी कमी होत गेला आणि चळवळीची नजर मात्र बराच काळ त्याच्यावरच राहिली. महापालिकेचा कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरची बिगारी या सगळ्यांच्या हिशेबात १ मे म्हणजे सुट्टी नसते. रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज.

आणि ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दसऱ्या-दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा-सहा महिने उसाच्या फडात जातात. लेखी करार बहुधा नसतो, कामाच्या तासांना मर्यादा नसते, तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरेपर्यंत चालते. मासिक पाळीत आणि बाळंतपणात खाडा पडू नये म्हणून बीडमधल्या कितीतरी बायकांची गर्भाशये काढली गेली, हे २०१९ मध्ये सगळ्या राज्याला कळले. आठ तासांची मागणी या माणसांपर्यंत अजून गेलेलीच नाही.

हंगाम साधारण मार्च-एप्रिलमध्ये संपतो. म्हणजे १ मे रोजी ही माणसे आपापल्या गावी असतात. आणि १ मे ही महाराष्ट्रात ग्रामसभेची ठरलेली तारीख आहे. त्या ग्रामसभेत एक नोंदवही उघडता येईल. गावातून यंदा किती कोयते गेले, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती घेतली होती, किती फिटली आणि किती अंगावर राहिली. किती मुलांची शाळा सुटली, कोणाला अपघात झाला, कोणत्या बाईवर कसली शस्त्रक्रिया झाली आणि ती कोणी करायला सांगितली. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांना ओळखपत्रे द्यावीत असा शासनाचा निर्णय आहेच, तीही त्याच दिवशी सर्वांसमोर वाटावीत. ही नोंद तहसीलदाराकडे जावी, तिथून साखर आयुक्तांकडे जावी, आणि दसऱ्याला गाड्या जुंपण्याआधी कारखान्याने या आकड्यांपुढे आपली सही करावी. झेंडावंदन आटोपल्यावर सरपंचाने पहिला विषय हाच घ्यावा.